डोळ्यांचं सांग

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. छातीच्या विभागातली फरशी नुकतीच पुसून झाली होती. तिच्यावर पावलं उमटू नयेत म्हणून चपला हातात घेऊन म्हणेबाई चौथ्या खाटेपाशी पोचल्या होत्या. खाटेवरच्या बाईला रात्री खोकला आला का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. ती बाई डोंगरातल्या बोलीत चारपाच शब्द बोलली. म्हणेबाईंनी ते शहरी भाषेत आणले.

"खोकला आला, म्हणे. यांना स्वतःला झोप लागलेली होती. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने सकाळी यांना सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'खोकला: होय' एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला तिथे रकाना नव्हता.

म्हणेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. हजेरीपटावर वेगळं नाव आहे, पण ते हजेरीच्या कारकुनाशिवाय कुणाला आठवत नाही. वय चोपन्न. या हॉस्पिटलात दुभाषीण म्हणून सव्वीस वर्षं. लग्न केलेलं नाही. का नाही, असं कुणी खोदून विचारलंच, तर त्या म्हणतात, "जमलेलं दिसत नाही." जणू दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची चौकशी करून आल्यात.

त्यांच्या डोंगरी बोलीत नुसतं 'मांजर दूध प्यायली' असं म्हणून सुटका होत नाही. आपल्या डोळ्यांदेखत प्यायली असेल तर क्रियापदाचं शेपूट एक. भांडं रिकामं आणि मांजरीच्या मिशा ओल्या, यावरून ओळखलं असेल तर शेपूट दुसरं. आणि सासूने सांगितलं म्हणून आपण सांगत असू, तर तिसरं. शेपूट लावलं नाही तर वाक्य पुरं होत नाही, ऐकणारा तोंडाकडे बघत बसतो. आपल्याकडेही 'प्यायली', 'प्यायलेली दिसतेय' आणि 'प्यायली म्हणे' असतंच, पण ते आपल्या मर्जीवर. त्यांच्याकडे मर्जीचा प्रश्न नाही. दोन वर्षांचं मूल आधी शेपटं शिकतं, मग खोटं बोलायला शिकतं, आणि खोटं बोलायला त्याला दुप्पट कष्ट पडतात.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी त्यांना झापलं होतं. "बाई, मला गोष्ट नको, उत्तर द्या. गोळ्या घेतल्या की नाही घेतल्या?" तेव्हा पेशंटच्या सुनेने ओळखण्याचं शेपूट लावलं होतं: म्हाताऱ्याने गोळ्या घेतलेल्या दिसतात. बाईंनी शेपूट छाटलं आणि सांगितलं, "घेतल्या." डॉक्टरांनी औषध बदललं, ताप तीन दिवस चढत राहिला, आणि चौथ्या दिवशी गोळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या, सगळ्याच्या सगळ्या. सुनेने फक्त रिकामं पाकीट पाहिलं होतं. म्हातारा वाचला. पण त्या दिवसापासून बाईंनी एकही शेपूट छाटलेलं नाही. शहरी भाषा बोलतानाही नाही.

त्याची चेष्टा व्हायचीच. "म्हणेबाई, मोठे साहेब रजेवर आहेत," हेडसिस्टर मुद्दाम सांगायची.

"रजेवर आहेत म्हणे," बाई शेजारच्या नर्सला सांगायच्या.

"म्हणे काय? मी सांगतेय ना!"

"तुम्ही सांगताय म्हणून तर म्हणे."

त्या सोमवारी त्यांच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला एक कागद होता. हॉस्पिटलच्या मागे कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. तिथे तळमजल्यावरचं घर त्यांच्या नावावर निघालं होतं. याआधी दोनदा निघालं, दोनदा त्यांनी नाही म्हटलं. तिसरी वेळ शेवटची असा नियम. मंगळवारी दुपारी बारापर्यंत संमतीवर सही पडली नाही, तर घर यादीतल्या पुढच्या नावाला.

अडचण आईची होती. आई ब्याऐंशी वर्षांची. दोघी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. बावन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेल्यापासून ती आठ महिने खाली उतरली नव्हती. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची पाटी आणि बसथांब्याचा अर्धा बाक दिसे. तेवढंच तिचं गाव. पण घर बदलायचं नाव काढलं की म्हातारी एकच सांगायची, "धाकट्याला हाच पत्ता ठाऊक आहे."

धाकटा म्हणजे म्हणेबाईंचा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी बोगद्याच्या कामावर गेला, त्याला एकतीस वर्षं झाली. या दोन खोल्यांचा पत्ता कागदावर लिहून त्याने खिशात घातलेला आईने पाहिला होता. चार वर्षांनी ठेकेदाराचा एक माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला की बोगद्याचं छत कोसळलं, त्यात तुमचा मुलगा होता म्हणे. त्याला दुसऱ्याने सांगितलं होतं, दुसऱ्याला तिसऱ्याने. आईने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर दार लावत म्हणाली, "म्हणेने माणूस मरत नाही."

ती हट्टाने बोलत होती असं नाही. त्यांच्या लोकांत तशीच रीत. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याच्याच तोंडाने सांगायची. मधे एक जरी तोंड आलं, तरी ती 'म्हणे' होते, आणि म्हणेवर कुणी रडायला बसत नाही. सत्तावीस वर्षं दोघी बसल्या नव्हत्या. बाईंना वाटायचं, कुणीतरी यावं आणि एकदाचं सांगावं. आणि जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की वाटायचं, कुणी येऊ नये.

पुरुषांच्या बाजूला बाराव्या खाटेवर एका म्हाताऱ्या बोगदेकामगाराला शुक्रवारी रात्री दाखल केलं होतं. बाईंची दोन दिवस सुट्टी होती, त्यामुळे त्याला त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. तपासण्या झाल्या होत्या. आज त्याची हकिगत नोंदवायची, निकाल सांगायचा, आणि उद्याच्या गाडीने त्याला परत डोंगरात पाठवायचं. वय त्रेसष्ट. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, पण जिभेची धार शाबूत होती.

"किती वर्षं बोगद्यात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बावीस. पाहिलेली," तो म्हणाला आणि बाईंकडे बघून मिश्कील हसला. आपली बोली बोलणारं कुणी भेटलं, याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

"तोंडाला मास्क असायचा?"

"कसला मास्क! ओलं फडकं. माझ्या जोडीला एक पोरगा होता, तो फडकंसुद्धा बांधायचा नाही. गुदमरतो म्हणायचा." मग त्याने गावाचं नाव घेतलं. "तिथला. बाप टोपल्या विणायचा. पोराच्या डाव्या कानाला पाळी नव्हती, लहानपणी कुत्र्याने तोडलेली. चार वर्षं माझ्या शेजारी झोपला. मग छत आलं खाली. माझ्यापासून हातभर अंतरावर होता."

शेवटच्या दोन वाक्यांना त्याने पहिलं शेपूट लावलं होतं. डोळ्यांचं.

टोपल्या विणणारा बाप म्हणेबाईंचाही होता. कुत्रं त्यांच्याच अंगणातलं होतं, आणि त्या दिवशी धाकट्याचा कान फडक्याने दाबून त्याच बसल्या होत्या.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर आपटत विचारलं.

"मास्क नव्हता," म्हणेबाई म्हणाल्या. "ओलं फडकं बांधायचे. जोडीदाराच्या अंगावर छत कोसळलं. यांनी ते पाहिलं."

"बरं. धूर, विडी, सिगरेट?"

आणखी चौदा मिनिटं बाई बोलत राहिल्या. विड्या किती, खोकला कधीपासून, घरी चूल की गॅस. एकही शेपूट चुकलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला. "त्यांना सांगा, फुफ्फुसं जवळजवळ दगड झालीत. तीन महिन्यांनी बोलावतोय आपण, पण..." 'पण'च्या पुढे त्यांनी नुसता हात हलवला.

बाईंनी ते दुसऱ्या शेपटाने सांगितलं. खुणांवरून डॉक्टरांना असं दिसतंय.

"म्हणजे तिनेही पाहिलेलं नाही," म्हातारा म्हणाला. "मग ठीक आहे."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्यावर म्हणेबाई क्षणभर मागे थांबल्या. "दादा, तो पोरगा माझा भाऊ."

म्हातारा बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हनुवटी तीच आहे. आई?"

"आहे. आठ महिने जिना उतरलेली नाही."

"मला तर चढवणार नाही. आणि तू नेऊन सांगितलंस तर..."

"म्हणे होईल."

"हं," तो म्हणाला. "मग तिला आण."

भेटीची वेळ चार ते पाच. म्हणेबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला गाठलं. पंधरा वर्षांची ओळख. तो म्हणाला, गाडी नाही मिळायची, पण मी मिळेन. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी आपला नवरा दिला आणि मशीनपुढची खुर्ची दिली.

आईला बाईंनी एवढंच सांगितलं की हॉस्पिटलात एक माणूस आहे, धाकट्याबरोबर काम केलेला. आईने केस विंचरले, धुतलेली साडी मागितली आणि खुर्चीत बसली. दोघा पुरुषांनी खुर्ची उचलली तशी म्हणाली, "दोघंच? चौघं लागतात ना रे?"

"आजी, असं अभद्र बोलू नका," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. "हात सुटेल माझा."

"सुटला तर सुटला. हॉस्पिटलातच निघालोय."

दुसऱ्या मजल्यावर शिंपीणकाकूंच्या नवऱ्याने खुर्ची टेकवून दम खाल्ला. म्हातारीने तेवढ्यात जिन्याच्या खिडकीतून मागचा बोळ पाहून घेतला आणि तिथला नळ कधी बदलला, याची चौकशी केली.

रिक्षाने हॉस्पिटल गाठून बाराव्या खाटेपाशी पोचायला चार वाजून दहा मिनिटं झाली. म्हातारा उशी पाठीशी घेऊन बसला होता. त्याने दाढी करून घेतली होती. म्हणेबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच या वॉर्डात दोन माणसं बोलणार होती आणि त्यांचं काम पडणार नव्हतं.

"मावशी," म्हाताऱ्याने सुरुवात केली, "मी तुमच्या मुलाला..."

"कान दुखायचा का त्याचा?" आईने विचारलं.

म्हातारा थबकला. "थंडीत. फडकं बांधून झोपायचा."

"पाहिलंस?"

"पाहिलं. मीच बांधायचो."

"दाढी आली होती त्याला?"

"दुसऱ्या वर्षी. मी शिकवली करायला. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापून घेतलं आणि दिवसभर गालावर कागदाचे तुकडे चिकटवून हिंडला. मुकादम म्हणाला, याला टपालात टाका."

आई हसली. तिला दात नव्हते, त्यामुळे हसताना आधी डोळे मिटत. "झोपेत बोलायचा?"

"बडबडायचा. गायचासुद्धा."

"चांगला?"

"फार वाईट, मावशी. आम्ही त्याला पैजेवर गप्प बसवायचो."

"बापावर गेला," आई समाधानाने म्हणाली.

असं चाललं. बूट कसले होते. एक आपला, एक दुसऱ्याचा. पोहायला शिकला का. नाही, पाण्याला भ्यायचा. रागावला की काय करायचा. भिंतीकडे तोंड करून बसायचा, मग स्वतःच आधी बोलायचा. म्हणेबाईंना पाण्याची भीती माहीत होती, भिंतीकडचं तोंड माहीत होतं. बुटांचं माहीत नव्हतं. पस्तिशीला आल्यावर धाकटा कसा दिसला असता, याचा विचार त्यांनी कितीदा केला होता. तो बूट मात्र त्यांना कधी सुचला नसता.

"खालच्या वस्तीत एक मुलगी होती म्हणे," म्हातारा म्हणाला. "त्याची. मी काही पाहिली नाही."

"म्हणे नको," आई म्हणाली. "डोळ्यांचं सांग."

त्याने पुन्हा डोळ्यांचं सांगायला घेतलं. चार वर्षं. बोलताना मधे त्याला ढास लागली की आई थांबायची, त्याला पाणी द्यायला लावायची आणि त्याने जिथे सोडलं होतं तिथून नेमका धागा उचलायची. पावणेपाचला हेडसिस्टरने दारातून घड्याळाकडे बोट दाखवलं. म्हणेबाईंनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. पर्समधल्या कागदाचा कोपरा त्यांच्या बोटांना लागत होता.

म्हाताऱ्याला नजर कळली. त्याने पाय खाटेखाली सोडले, ताठ बसला. "मावशी, अजून एक राहिलंय. शेवटचं."

आईने साडीचा पदर सारखा केला. "तुला तपासणीला परत कधी बोलावलंय?"

"तीन महिन्यांनी."

"मग ते तेव्हा सांग."

"आई, अगं, ते उद्या सकाळी निघालेत," म्हणेबाई म्हणाल्या.

"ऐकलं मी. गुडघे गेलेत, कान नाही." तिने म्हाताऱ्याकडेच बघत म्हटलं, "एकदम सगळं पोटात घातलं की या वयात पचत नाही, लेका."

"मावशी, मी तीन महिन्यांनी येईन की नाही..."

"का? डॉक्टरने पाहिलंय का?"

"नाही. ती खुणांवरून म्हणतेय."

"मग ये."

म्हाताऱ्याच्या छातीतून शिटीसारखा बारीक आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "कुठे येऊ? इथे?"

"इथे कशाला, घरी ये. माणसाने घरी यावं, बसावं, मग सांगावं." आई थांबली. त्याच्या छातीकडे तिने निरखून पाहिलं, एखाद्या जुन्या भांड्याचं बूड तपासावं तसं. "बावन्न पायऱ्या चढशील?"

"पाचही नाही."

"हं." आईने मान वळवली नाही. "हिला खाली कुठेतरी घर मिळतंय म्हणे. मी काही पाहिलेलं नाही. पण तळमजला आहे म्हणे. याला तिथला पत्ता लिहून दे गं."

म्हणेबाईंनी कागद काढला. उलगडला. त्यात वसाहतीचं नाव होतं, रस्त्याचं होतं, खोलीचा नंबर नव्हता. नंबर संमती दिल्यावरच पडतो.

"नंबर उद्या मिळेल," त्या म्हणाल्या.

"मग उद्या दे."

"आई, त्यांची गाडी..."

"धावशील की. तुझे गुडघे चांगले आहेत."

घरी पोचल्यावर ड्रायव्हरने खुर्ची तिसऱ्या मजल्यावर टेकवली आणि स्वतः पायरीवर बसला. शिंपीणकाकू चहा घेऊन वर आल्या. म्हणेबाई आत कपाटातून पेन शोधत होत्या. बाहेरून आईचा आवाज येत होता. शिंपीणकाकूंना डोंगरी बोली येत नाही, आईला शहरी भाषा मोडकीतोडकी येते, पण गप्पा अडत नाहीत.

"माझा धाकटा वाईट गायचा म्हणे," आई सांगत होती. "एक बूट दुसऱ्याचा घालायचा म्हणे."

म्हणेबाईंचा हात कपाटातच राहिला. एकतीस वर्षं आई धाकट्याबद्दल जे जे बोलली, ते सगळं डोळ्यांचं होतं. दूध कसं ओकायचा, पत्त्याचा कागद कुठल्या खिशात घातला. त्याच्या नावापुढे तिच्या तोंडून हा शब्द बाईंनी कधी ऐकला नव्हता.

त्या संडासाशेजारच्या बेसिनपाशी गेल्या, नळ सोडला आणि आपल्या बोलीत, ओठांतल्या ओठांत, सकाळी ऐकलेलं वाक्य म्हणून पाहिलं. धाकट्यावर छत कोसळलं. त्यांनी तिसरं शेपूट लावलं, कारण त्यांना वेगळं कुठलंच लावता येत नव्हतं. म्हाताऱ्याने स्वतः सांगितलं होतं, हातभर अंतरावरून पाहिलेलं, आणि ते त्यांनी समोर उभं राहून ऐकलं होतं. तरी त्यांच्या तोंडून ते तिसरंच निघालं. आईला ते चालणार नव्हतं. म्हणजे घरात ते त्यांना एकटीलाच ठाऊक असणार होतं, आणि ठाऊक आहे असं म्हणताही येणार नव्हतं.

"पेन मिळालं का गं?" बाहेरून आईने विचारलं.

"मिळालं."

"मग सही कर. आणि चहा घे, निवतोय. काकूंनी गवती चहा घातलाय, चांगला झालाय. प्यायलेय मी."

म्हणेबाईंनी बेसिनच्या कडेवर कागद ठेवून सही केली. कडा ओली होती, सहीचं शेवटचं अक्षर थोडं फुटलं.

वसाहतीच्या कचेरीची खिडकी सकाळी नऊला उघडते. संमतीचा कागद घेतल्यावर तिथला कारकून रजिस्टर काढून खोलीचा नंबर सांगतो, त्याला साधारण दहा मिनिटं लागतात. रांग असली तर जास्त. डोंगराकडे जाणारी रुग्णांची गाडी दर मंगळवारी साडेनऊला मागच्या फाटकातून सुटते आणि कुणासाठी थांबत नाही.